‘ते तर आपलं कोकमच!’

मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण तुमच्या घरात कुणी वजन उतरवायला किंवा ‘फॅटी लिव्हर’साठी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल घेत असेल तर चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या परसातले रातांबे उतरवून झाले होते. पाऊस तोंडावर आला होता आणि सालींना पुटं देऊन वाळवायची घाई चाललेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: रातांबा फोडून बी काढतात, मग साल त्याच्याच रसात मीठ घालून भिजवतात आणि उन्हात टाकतात. पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशी चार-पाच पुटं बसली की काळंभोर आमसूल तयार होतं. हात लाल झालेले, अंगाला आंबट वास, आणि तेवढ्यात डोंबिवलीहून फोन आला. माझ्या धाकट्या मावसबहिणीला हॉस्पिटलात ठेवलं होतं. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, अन्न बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचलो तेव्हा डॉक्टर तिला विचारत होते, “कुठली औषधं चालू आहेत?”

“कुठलीच नाहीत.”

“दारू?”

“नाही हो.”

“क्षयाच्या गोळ्या, वेदनाशामक, काढा, पावडर, काहीही?”

“काहीच नाही.”

एसजीपीटी बाराशेच्या घरात होता. चाळीसच्या आसपास असायला हवा तो. कावीळ अ, ब, क, ई सगळ्यांच्या तपासण्या कोऱ्या. डॉक्टर गेल्यावर मी सहज तिच्या पर्समधून पाण्याची बाटली काढायला गेलो तर हाताला दुसरीच बाटली लागली. पांढरी, वर हिरवं पान, खाली एका लालसर-पिवळ्या फळाचं चित्र. “ही गं कसली?” तर म्हणाली, “दादा, ता काय औषध नाय. ता आपला कोकमच तर आसा!”

तीन महिने रोज तीन कॅप्सूल चालू होत्या. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड टू’ आलं म्हणून घाबरून तिने ऑनलाइन मागवलेल्या. डॉक्टरला सांगायचं तिच्या मनातच आलं नाही, कारण कोकम हे काय सांगण्यासारखं औषध आहे का?

मी बाटली डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी लेबल वाचलं आणि कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केल्या. म्हणाले, “यानेच झालं असं शंभर टक्के सांगता येत नाही. पण बाकीची कारणं एकेक करून बाद झालीत, आणि याच्याबद्दल जगभर नोंदी आहेत.” बहीण बरी झाली, सगळे आकडे जागेवर यायला दोन-अडीच महिने गेले. माझ्या मात्र डोक्यातून ती बाटली जाईना. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, कोकमाच्या झाडाखाली वाढलो, आणि मलाही हे माहीत नव्हतं. म्हणून जमेल तेवढं वाचून काढलं. त्यातून जी हकिगत हाती लागली ती साठ वर्षांची आहे, सुरुवात आपल्याच किनाऱ्यावर होते.

पहिली गोष्ट. बाटलीवर ‘गार्सिनिया कंबोजिया’ लिहिलं होतं. ते आपलं कोकम नव्हे. आपलं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका. कंबोजिया ही त्याची चुलतबहीण. केरळात तिला कुडमपुळी म्हणतात, छोट्या भोपळ्यासारखं फाकी असलेलं पिवळट फळ. मँगोस्टीनही याच कुळातलं. लॉरां गार्सिन नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या नावावरून लिनियसने या कुळाला ‘गार्सिनिया’ नाव दिलं. पण त्याच्याही कितीतरी आधी, १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपल्या कोकमाची नोंद केली होती. तो त्याला ‘ब्रिंदाँव’ म्हणतो. गोव्यात आजही लोक ‘भिरंड’ म्हणतात. आंबट फळ, त्याची साल, त्या सालीचा स्वयंपाकातला उपयोग. गार्सिया आणि गार्सिन ही दोन वेगळी माणसं, नावं सारखी एवढंच.

म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाला ही दोन्ही फळं शेकडो वर्षं ठाऊक होती. आम्ही सोलकढीत आणि माशाच्या आमटीत सोलं घालतो, केरळी माणूस मीन करीत कुडमपुळी घालतो. मलबार-कानडा किनाऱ्यावर तर बांगडे साफ करून, पोटात कुडमपुळीची साल भरून, मिठात मुरवून ठेवत आणि लंकेला पाठवत. त्या पद्धतीला ‘कोलंबो क्युरिंग’ असंच नाव पडलं होतं. आम्लामुळे मासा टिकायचा. वजन कमी करायला मात्र ते कुणी खाल्ल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. उलट, आमच्याकडे सोलकढी हवी ती भात दोन घास जास्त जावा म्हणून!

आता विज्ञानाकडे येऊ. म्हैसूरला सीएफटीआरआय म्हणून केंद्र सरकारची अन्नतंत्रज्ञानाची प्रयोगशाळा आहे, १९५० साली सुरू झालेली, राजघराण्याच्या चेलुवांबा महालात. तिथे वाय. एस. लुईस आणि एस. नीलकंठन हे दोघे या कुडमपुळीच्या आंबटपणाचा शोध घेत होते. तोवर समजूत अशी की या सालीत चिंचेतलं टार्टरिक आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल असतं. १९६५ साली दोघांनी दाखवून दिलं की मुख्य आम्ल यातलं एकही नाही. ते सायट्रिकचा सख्खा भाऊ आहे: हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल. सुटसुटीतपणासाठी आपण त्याला एचसीए म्हणू. हे आपल्या कोकमातही आहे.

लक्षात घ्या, लुईस-नीलकंठन यांचा लठ्ठपणाशी काही संबंध नव्हता. आंबट का लागतं, एवढाच त्यांचा प्रश्न. तो त्यांनी चोख सोडवला.

पुढचं पाऊल अमेरिकेत पडलं. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेनस्टाइन हे शास्त्रज्ञ यकृत साखरेची चरबी कशी बनवतं यावर काम करत होते. इथे थोडं शाळेत शिरावं लागेल, कंटाळू नका.

भात, पोळी, साखर पोटात गेली की शरीर लागेल तेवढी जाळतं. उरलेल्यातली काही यकृत चरबीत बदलतं. हे काम टप्प्याटप्प्याने चालतं. पेशीच्या आत एक भट्टी असते, मायटोकॉन्ड्रिया. त्या भट्टीतून सायट्रेट बाहेर येतं, आणि बाहेर एक विकर त्याचे दोन तुकडे करतं. त्यातला एक तुकडा म्हणजे चरबीची पहिली वीट. चरबी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही त्याच विटांनी बांधलं जातं. या विकराचं नाव एटीपी सायट्रेट लायेज. नाव विसरलात तरी चालेल, ‘विटांचा नाका’ एवढं ध्यानात ठेवा.

१९६९ साली लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की म्हैसूरला ओळख पटलेलं एचसीए या नाक्यावर जाऊन बसतं. दिसायला सायट्रेटसारखंच असल्यामुळे विकर फसतं, त्याला धरून ठेवतं आणि खऱ्या सायट्रेटला जागाच मिळत नाही. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी तसं. पुढे उंदरांच्या यकृतात त्यांनी पाहिलं की एचसीए दिल्यावर चरबी बनण्याचा वेग खरोखरच घसरतो.

हॉफमन-ला रोश या बड्या औषध कंपनीने हे हेरलं. न्यू जर्सीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत अ‍ॅन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात उंदरांवर प्रयोगांची मालिका चालवली. उंदीर कमी खाऊ लागले, त्यांचं वजन कमी वाढलं, यकृतातली चरबीची निर्मिती मंदावली. हे सगळं प्रसिद्ध झालेलं आहे आणि त्यात खोटं काही नाही. पण या साऱ्यातून माणसाच्या लठ्ठपणावरचं औषध काही बाहेर पडलं नाही.

इथवरची गोष्ट चांगल्या विज्ञानाची आहे. पुढे तिला बाजाराचं वळण लागतं.

१९९४ साली अमेरिकेत एक कायदा झाला: डाएटरी सप्लिमेंट हेल्थ अँड एज्युकेशन अ‍ॅक्ट. औषध विकायचं तर ते गुणकारी आणि सुरक्षित आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. या कायद्याने ‘पूरक आहार’ नावाची वेगळी वाट मोकळी केली. तिथे विक्रीआधी असं काही सिद्ध करावं लागत नाही. माल बाजारात आल्यावर तो घातक असल्याचं दाखवायची जबाबदारी सरकारी खात्यावर. “हा रोग बरा करतो” एवढं म्हणायचं नाही. “वजन राखायला मदत” म्हटलं की झालं.

कुडमपुळीच्या अर्काला ही वाट आयती मिळाली. उंदरांवरचे शोधनिबंध हाताशी होतेच. वर “भारतात शतकानुशतकं खातात” हे वाक्य जोडता येत होतं. दोन्ही विधानं सुटी सुटी खरी. पण उंदराला दिलेला मारा आणि बांगड्याच्या पोटातली साल, यांच्या मधला जो मोठा प्रश्न होता तो कुणी विचारला नव्हता: माणसाने हा अर्क महिनोनमहिने घेतला तर काय होतं?

तो प्रश्न न्यूयॉर्कला स्टीव्हन हाइम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी विचारला. १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. १३५ जादा वजनाची माणसं. निम्म्यांना रोज १५०० मिलिग्रॅम एचसीए, निम्म्यांना तशीच दिसणारी पण पोकळ गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना घेणाऱ्याला माहीत, ना देणाऱ्याला. दोन्ही गटांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार. बारा आठवड्यांनी मोजलं. पोकळ गोळीवाल्यांचं सरासरी ४.१ किलो वजन उतरलं. एचसीएवाल्यांचं ३.२ किलो.

होय, बरोबर वाचलंत. फरक इतका लहान की त्याला योगायोग म्हणावं लागतं, पण होता तो औषधाच्या उलट बाजूला. वजन उतरलं ते आहाराने.

उंदरात जमलं ते माणसात का जमू नये? याचं एक कारण पुढे फार सुरेख रीतीने कळलं. २००५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी फॅटी लिव्हर असलेल्या रुग्णांच्या यकृतातली चरबी नेमकी कुठून येते हे खुणेचे अणू वापरून मोजलं. सुमारे ५९ टक्के चरबी शरीरात साठलेल्या मेदातून रक्तावाटे येत होती. सुमारे १५ टक्के थेट खाण्यातल्या तेलातुपातून. आणि यकृताने स्वतः साखरेपासून बनवलेली, म्हणजे आपल्या ‘विटांच्या नाक्या’वरून गेलेली, सुमारे २६ टक्के.

म्हणजे समजा एचसीएने तो नाका पुरता बंद केला, तरी तीन चतुर्थांश माल बाकीच्या दोन रस्त्यांनी येतच राहणार. आणि पुरता बंद होण्याइतकं एचसीए पोटातून रक्तात, रक्तातून पेशीत पोचतं का, हाही प्रश्न आहेच. भरपूर साखर चारलेल्या उंदरांमध्ये हा नाका जोरात चालू असतो, म्हणून तिथे परिणाम डोळ्यांत भरला.

२०११ साली इंग्लंडातल्या एक्झेटर विद्यापीठाच्या गटाने तोवरच्या माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला. निघालेला फायदा: सरासरी ०.८८ किलो. एक किलोही नाही. आणि त्यातल्या नीट काटेकोर झालेल्या चाचण्याच तेवढ्या धरल्या तर हा फरकही ठामपणे सांगण्यासारखा उरत नव्हता.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने विषय इथे थंडावला. बाजाराच्या दृष्टीने तो नुकताच तापत होता. २०१२ साली डॉक्टर मेहमेट ऑझ या हृदयशल्यविशारदाने आपल्या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात गार्सिनियाचं कौतुक केलं आणि विक्री भडकली. जून २०१४ मध्ये सिनेटर क्लेअर मॅककॅस्किल यांनी त्यांना सिनेटच्या समितीपुढे बसवून अशा जादूच्या गोळ्यांबद्दल चांगलंच फैलावर घेतलं. बातम्या झाल्या, बाटल्या मात्र विकल्या जातच राहिल्या. माझ्या बहिणीच्या पर्समध्ये ती बाटली आली ती याच लाटेतून, दहा-बारा वर्षं उशिराने.

आता यकृताचं. गोळीने वजन उतरलं नाही, पैसे गेले, एवढंच असतं तर मी ही पोस्ट लिहिली नसती.

२००५ साली जपानी संशोधकांनी लठ्ठ जातीच्या उंदरांना या अर्काचा मोठा मारा दिला. चरबी कमी झाली खरी, पण नर उंदरांच्या वृषणांना जबर इजा झाली. डोस फार मोठा होता हे खरं. तरी ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ या समजुतीला तिथेच तडा जातो.

२०१३ साली कोरियात आणखी नेमका प्रयोग झाला. उंदरांना चरबीयुक्त खाणं आणि सोबत गार्सिनिया, सोळा आठवडे. पोटावरची चरबी कमी झाली. पण यकृतात दाह वाढला आणि कोलॅजेन जास्त साठलं. कोलॅजेन म्हणजे जखम भरताना तयार होणारा चिवट धागा. यकृतात तो साठत गेला की त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि फायब्रोसिसची पुढची पायरी सिरॉसिस. ज्या अवयवासाठी माणूस गोळी घेतो, प्रयोगात त्यालाच झळ लागली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मी इथेही म्हणेन. आधी उंदरांवरून फायदा मान्य करायचा नाही आणि आता उंदरांवरून तोटा मात्र मान्य करायचा, असं चालणार नाही.

म्हणून माणसांकडे येऊ. मे २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘हायड्रॉक्सिकट’ या प्रसिद्ध गोळ्या ताबडतोब थांबवा म्हणून इशारा दिला. गंभीर त्रासाच्या २३ नोंदी, त्यात कावीळ, यकृताचं नुकसान, प्रत्यारोपण आणि एक मृत्यू. कंपनीने माल परत घेतला. या गोळ्यांच्या वेगवेगळ्या प्रकारांत अनेक घटक असायचे, गार्सिनिया त्यांतला एक, सगळ्यांत होताच असंही नाही. त्यामुळे दोष नेमका कुणाचा यावर तज्ज्ञांत बरीच वर्षं वाद चालला.

तो धुरळा खाली बसला २०२२ साली. औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजांची नोंद ठेवणारं अमेरिकेतलं एक मोठं जाळं आहे. त्यांनी २००४ ते २०१८ मधली प्रकरणं तपासून २२ रुग्णांमध्ये गार्सिनियाचा हात असल्याचा निष्कर्ष काढला. पाच जण फक्त गार्सिनिया घेत होते, बहुतेक बाकीच्यांनी त्यासोबत हिरव्या चहाचा अर्कही घेतलेला. निम्म्याहून जास्त रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली, एचएलए-बी*३५:०१ नावाची. इतर लोकांत ती बरीच कमी आढळते. अर्थ असा की ही इजा सगळ्यांना होत नाही. लाखो लोक गोळी घेतात, त्यांना काही होत नाही. पण ती खूण असलेल्यांना धोका जास्त दिसतो: त्यांच्यापैकी काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था बिथरते आणि आपल्याच यकृतावर तुटून पडते, असं मानतात. ती खूण आपल्यात आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. माझ्या बहिणीची ती तपासणी झाली नाही, म्हणून तिच्याबद्दल मी यापुढे काही बोलत नाही.

मग काय, म्हैसूरचा शोध वाया गेला? नाही. आणि मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटला तो हाच भाग.

तो विटांचा नाका शास्त्रज्ञ विसरले नव्हते. अमेरिकेत मिशिगनमधल्या एका कंपनीने अनेक वर्षं खपून एक नवा रेणू उभा केला, बेम्पेडोइक अ‍ॅसिड. हा गार्सिनियातून काढलेला नाही, प्रयोगशाळेत बनवलेला. पण नाका तोच: एटीपी सायट्रेट लायेज. खुबी अशी की हे औषध घेतल्यावर निष्क्रिय असतं. त्याला जागं करणारं विकर यकृतात असतं, स्नायूंत नसतं. त्यामुळे स्टॅटिनच्या गोळ्यांनी ज्यांचे स्नायू दुखतात त्यांनाही हे चालतं. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेत कोलेस्टेरॉलसाठी त्याला मान्यता मिळाली. त्यानंतर २०२३ साली जवळजवळ १४ हजार माणसांवरच्या चाचणीचा निकाल आला. तीन वर्षांहून जास्त काळ पाहणी करून हार्ट अटॅक-पक्षाघातासारख्या घटना १३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. सोबत गाउट आणि पित्ताशयातले खडे थोडे वाढले, यकृताच्या तपासण्यांचे आकडेही काही जणांत वर गेले, हेही त्याच निबंधात लिहिलेलं आहे. आज हे औषध भारतातही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं.

आणि हो, तो नाका अडवूनही बेम्पेडोइक अ‍ॅसिड हे वजन उतरवायचं औषध झालेलं नाही. ते कोलेस्टेरॉलचं औषध आहे.

एकाच नाक्याकडे जाणाऱ्या दोन वाटा बघा. एकीवर १४ हजार माणसं मोजली, फायद्याबरोबर तोटाही छापला, आणि दावा तेवढाच केला जेवढा हिशेबात बसला. दुसरीवर उंदरांचे निबंध, आजीच्या स्वयंपाकघराचा दाखला आणि हिरवं पान. माझी बहीण दुसऱ्या वाटेने गेली, कारण तिथे पाटी मराठीत होती आणि चिठ्ठी कुणी मागत नव्हतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९५४ सालचा औषधी व जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी घालणारा कायदा आहे. ज्या रोगांवर “हे औषध घ्या, बरे व्हा” अशी जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणा नाव घेऊन आहे. पण कॅप्सूल ‘औषध’ नाहीच, ‘अन्न’ आहे असं म्हटलं की मामला दुसऱ्या खात्याकडे जातो. तिथे एफएसएसएआयचे २०१६ चे पूरक आहाराचे नियम आहेत. ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लेबलवर छापावं लागतं. बहिणीच्या बाटलीवरही ते होतं, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. आणि ती बाटली विकणारं ऑनलाइन पान मात्र यकृताच्या चित्रांनी भरलेलं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. माझं म्हणणं एवढंच की नवा कायदा मागण्याआधी हे जे छापील आहे ते राबवा. लेबल मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरात असावं, आणि त्यावर एक ओळ ठळक असावी: यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

काहीजण विचारतील, मग सोलकढी प्यायची का नाही? अहो, बिनधास्त प्या. चार माणसांच्या आमटीत पाच-सहा सोलं पडतात, ती अन्नासोबत पोटात जातात, त्यातलीही अर्धी ताटाच्या कडेला उरतात. अर्क काढून, आटवून, कॅप्सूलमध्ये कोंबून, दिवसाला तीनदा, महिनोनमहिने घेणं हा वेगळाच पदार्थ झाला. पिढ्यान्‌पिढ्यांचा जो अनुभव आपण सांगतो तो सोलकढीचा आहे. तो त्या बाटलीला उसना देता येत नाही.

फॅटी लिव्हरवर उपाय नाही का? आहे, कंटाळवाणा आहे. क्युबातल्या डॉक्टरांनी २०१५ साली २९३ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास छापला. आहार आणि चालणं, दुसरं काही नाही. ज्यांनी वजनाचे दहा टक्के किंवा त्याहून जास्त उतरवले त्यांच्यापैकी ९० टक्क्यांच्या यकृतातला दाह मिटला, आणि ४५ टक्क्यांत चिवट धागेही मागे हटले. ८० किलोच्या माणसाला आठ किलो. सोपं नाही, सगळ्यांना जमतही नाही. त्या अभ्यासातही दहापैकी एकालाच जमलं होतं. अलीकडे, २०२४ पासून, यकृताच्या या दुखण्यासाठी मान्यता मिळालेली औषधंही येऊ लागली आहेत. पण ती कुणी घ्यायची हे ठरवायला डॉक्टर लागतो.

बहीण आता रोज संध्याकाळी डोंबिवलीच्या स्टेशनापासून घरापर्यंत चालत येते. रिक्षाचे पैसे वाचतात म्हणते. सहा किलो उतरलंय. यंदा मे महिन्यात चार दिवस आली होती आमसुलं करायला. सालींना पुटं देताना म्हणाली, “दादा, डॉक्टरनी विचारला तेव्हा मी खोटा नाय बोललंय हां. माका खरोखरच वाटला नाय की ता सांगूचा आसता.”

म्हणून ही पोस्ट. आज रात्री जेवण झालं की घरातल्या प्रत्येकाला विचारा, कपाटात, पर्समध्ये, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुठली बाटली आहे का. प्रोटीन, काढा, चूर्ण, कॅप्सूल, काहीही. असेल तर लेबलच्या दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेलात की त्यांनी विचारायची वाट न पाहता दाखवा. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर बाटली बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि आमसुलं हवी असतील तर सांगा. यंदाची छान वाळलीत.